पत्र्याखालची थंडी

भिवंडीजवळच्या मानकोलीत घर तापवण्यावर कोणी पैसे घालवत नाही. खाडीकाठची हवा, पौषातला पहाटगारवा नऊच्या उन्हात विरून जातो. निफाडला पारा 5 अंशांखाली उतरलेला पाहून, कसारा घाट उतरून आलेला ट्रकवाला आपल्या माकडटोप्यांना हसला तर नवल नाही. तरीही पंखे बंद होऊन विजेचं बिल हवं तेवढं उतरत नाही, कारण आपला हिवाळ्याचा खर्च न्हाणीघरात होतो.

हिशेब सोपा आहे. 20 लिटरची बादली 22 अंशांवरून 40 वर न्यायला साधारण 0.4 युनिट लागतं. रॉड असो वा गिझर, पाणी तेवढंच तर वीजही तेवढीच. पैसे वाया जातात ते नंतर. पाचला बटण दाबायचं, घरातला शेवटचा माणूस आठला अंघोळीला जाणार. मधल्या वेळेत टाकी निवत राहते, गिझर पुन्हा पुन्हा पेटतो आणि उरलेलं कढत पाणी दुपारपर्यंत थंड होतं. अंघोळी एकामागोमाग एक उरकल्या तरी बराच फरक पडतो. भिवंडीत 2007 पासून वीज टोरंट पॉवर पुरवते, पण घरगुती दराचे टप्पे महावितरणचेच: पहिली 100 युनिटं स्वस्त, पुढची महाग. म्हणजे वापर 100 युनिटांच्या वर असेल, तर वाचलेलं युनिट महाग टप्प्यातलं असतं. चूल होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. भाकरी होईस्तोवर वैलावरचं पाणी आपोआप तापायचं. अर्थात त्या धुराने बायकांचे डोळे गेले, तेव्हा चुलीचे गोडवे बेतानेच गावेत.

खरी थंडी महामार्गालगतच्या गोदामांच्या आवारात भेटते. भातखाचरांच्या जागी ही गोदामं उभी राहिली आणि रात्रपाळीचा पहारेकरी पत्र्याच्या टपरीत आला. पत्रा रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळाला देऊन टाकतो, कधी भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे आतल्या बाजूला दव धरून थेंब अंथरुणावर टपकतात. मग फाटकाशी शेकोटी पेटते. लाकूड कुठून आणणार? पुठ्ठे, थर्माकोल, चिकटपट्टीचे बोळे. थर्माकोल आधी आक्रसतो, मग काळे थेंब गाळत जळतो. पहाटेची गार हवा जमिनीलगत साचलेली असते, धूर वर जातच नाही; शेकणारा तोच ओढतो.

ही शेकोटी फुकट वाटते, म्हणून तिचा खर्च कोणाच्याच वहीत लागत नाही. बंद टपरीत निखारे नेले तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. त्या वायूला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. याला काटकसर म्हणायला मी तयार नाही.

खोली तापवण्यापेक्षा अंग उबदार ठेवणं केव्हाही स्वस्त, हे आपल्या गोधड्या शिवणाऱ्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा गोदाममालकांनो, टपरीच्या पत्र्याखाली प्लायवूडचं छत मारा, दाराला नीट झडप बसवा, वर एक छोटी खिडकी उघडी राहू द्या आणि पहारेकऱ्याला जाड घोंगडी द्या. हे काम दिवाळीआधी उरका.