दिव्यांची बेरीज

१९७५ साली पश्चिम बर्लिनमधील कुर्फ्युर्स्टनडाम या गजबजलेल्या रस्त्यावर एक घड्याळ उभे राहिले. त्याला तबकडी नव्हती, काटे नव्हते, अंकही नव्हते. डीटर बिनिंगर यांनी योजिलेल्या या रचनेत होते ते केवळ २४ दिवे. माथ्यावरचा गोल दिवा सेकंदांची उघडझाप करी. त्याखाली चार दिवे पाच-पाच तासांचे, चार एकेका तासाचे. मग अकरा दिवे पाच-पाच मिनिटांचे आणि शेवटी चार एकेका मिनिटाचे. वरून अनुक्रमे तीन, एक, नऊ आणि दोन दिवे उजळले, की दुपारचे ४ वाजून ४७ मिनिटे झाली असे समजावे. वेळ येथे आयती मिळत नसे. ती मांडून घ्यावी लागे.

ज्याला गाडी गाठावयाची आहे त्याला हा खटाटोप जाचक वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही. सार्वजनिक वस्तू सर्वांना सहज कळावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु सामाईक वेळ मोजण्याचे श्रम कोणी करावयाचे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. तळाशी छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावी आणि ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, भरली असे मानावे, ही भारतीय रीत. (चोवीसचा हा मेळ अर्थातच योगायोगाचा.) घड्याळजी टोल देई आणि साऱ्यांना वेळ कळे. मराठी लग्नघरातही मुहूर्ताची घटिका पाण्यात घालीत, आणि मांडव गप्पांत रंगला असता कोणा एकाला त्या वाटीवरची नजर हलविता येत नसे. वेळ सर्वांची, जागल मात्र एकाची.

बर्लिनच्या घड्याळाने ही जागल येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी दिली, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. मात्र घड्याळजी त्यामुळे नाहीसा झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पाच तासांचा एखादा दिवा विझून गेला, की कितीही काळजीने केलेली बेरीज चुकणारच. दिवा बदलणारा माणूस कोणाच्या हिशेबात नसतो. तो असतो म्हणून इतरांचा हिशेब जुळतो.

बिनिंगर यांना हे पुरते ठाऊक असावे. दिवे वरचेवर बदलण्याचा त्रास पाहून ते दीर्घकाळ टिकणाऱ्या दिव्याच्या शोधाकडे वळले. १९९१ साली विमान-अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९९५ मध्ये देखभालीचा खर्च परवडत नाही म्हणून नगरशासनाने घड्याळ तेथून हलविले. १९९६ मध्ये ते युरोपा-सेंटरसमोर पुन्हा उभे राहिले, ते तेथील व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने.