शपथ पुरत नाही

दारू सोडायची शपथ घेणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. रायपुरात कुणी पुरानी बस्तीतल्या महामायेपुढे हात जोडतो, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या घडीला त्याला खरोखरच सोडायची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी कप उचलताना हात असा थरथरतो की अर्धा चहा बशीत सांडतो. दरदरून घाम फुटतो, जीव घाबरा होतो. दोन घोट पोटात गेले की हात स्थिर. घरचे म्हणतात, "याला आमची पर्वाच नाही."

पण त्या थरथरीचा पर्वा असण्या-नसण्याशी संबंध नाही. दारूने मेंदूचं काम मंदावतं. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखायला स्वतःला सतत जास्त उत्तेजित ठेवू लागतो. दारू एकाएकी तुटली की ती उत्तेजना मोकाट सुटते. झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, त्यानंतर भ्रम होऊन माणूस बरळू लागतो. प्रसंगी जिवावर बेततं. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवणं म्हणूनच धोक्याचं आहे. डॉक्टर हेच काम औषधं आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन काही दिवसांत सुखरूप पार पाडतात.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण देशात १४.६ टक्के, तर आपल्या छत्तीसगडमध्ये ३५ टक्क्यांच्या वर निघालं. त्याहून जिव्हारी लागणारा आकडा पुढेच आहे: दारूवाचून राहूच न शकणाऱ्या ३८ जणांमागे उपचार मिळतात ते जेमतेम एकाला. उरलेल्यांच्या वाट्याला येतात टोमणे, मारहाण आणि शपथा.

शरीरातली दारू उतरली की खरी कसोटी सुरू होते, ती पुन्हा न पिण्याची. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्याने आलेल्यांना सावरतात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला फसवा म्हणत नाही, उपचार बदलतो. पुन्हा प्यालेल्या माणसालाही तोच न्याय हवा.

रायपुरात टाटीबंधच्या एम्समध्ये आणि मेकाहारा या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला आणखी एक शपथ घालू नका. याच आठवड्यात त्याच्याबरोबर दवाखान्यात जा आणि केसपेपरच्या रांगेत त्याच्या शेजारी उभे राहा.