नफ्याचे शिखर आणि धर्म

समजा, एका कारखान्यात रोज क्ष किलो पेढे आणि य किलो बर्फी होते आणि रुपयांतला नफा आहे ७०क्ष + १०५य − क्ष² − क्षय − २य². यातले क्षय हे पद भट्टी एकच असल्याची खूण आहे: एक माल वाढला की दुसऱ्याचाही खर्च वाढतो. दोन्ही आंशिक विकलज शून्य धरले की २५ किलो पेढे, २० किलो बर्फी आणि १,९२५ रुपये नफा हे शिखर मिळते. त्यापुढचा प्रत्येक किलो नफाच खातो. म्हणजे लोभालाही गणित सीमा घालते.

पण ही सीमा म्हणजे धर्म नव्हे. ओढ्यात सोडलेले सांडपाणी आणि कारागिराची मोडलेली झोप या सूत्रात नाहीत. कोणी म्हणेल, तोही खर्च मांडा. जरूर मांडावा, पण झोपेचे मोल विकलज सांगत नाही, ते आधी माणसालाच ठरवावे लागते. कौटिल्याने अर्थालाच प्रधान मानले, हा आक्षेपही खरा आहे. मात्र धर्म, अर्थ, काम यांतल्या एकाचा अतिरेक स्वतःला आणि इतर दोघांनाही पीडतो, हेही त्यानेच बजावले. पुरुषार्थांचीही भट्टी एकच असते. म्हणून सूत्र मांडतानाच विवेक हवा. उत्तर आल्यावर फार उशीर झालेला असतो.