रिले का लागत नाही? एक प्रामाण्यविचार

जुन्या स्टिरिओ रिसिव्हरचे बटण दाबले की चार-पाच सेकंदांनी आत ‘टिक्’ असा आवाज होतो आणि मगच स्पीकर बोलू लागतात. हा आवाज संरक्षक मंडलातल्या रिलेचा. तो आलाच नाही, तर सेट ‘प्रोटेक्शनमध्ये गेला’ असे दुरुस्तीवाले म्हणतात. १९७०च्या दशकात आउटपुटचा मोठा कंडेन्सर काढून अँप्लिफायर थेट स्पीकरला जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि या मंडलाची गरज भासली. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की ४० व्होल्टचा डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलवर येतो. कॉइलचा रोध ६ ओहम धरला, तर त्या बारीक तारेत सुमारे २७० वॅट उष्णता निर्माण होते आणि ती जळायला वेळ लागत नाही. रिले ही जोडणी वेळेवर तोडतो.

रिले न लागणे हे एका अर्थी विधानच आहे : आत धोका आहे. ते खरे कशावरून मानायचे? धोका अँप्लिफायरमध्ये असेल, किंवा धोक्याची खबर देणारे मंडलच बिघडले असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. भारतीय दर्शनांत या प्रश्नाची चर्चा प्रामाण्यवाद या नावाने शतकानुशतके चालली. ज्ञानाचे खरेपण ज्ञानाबरोबरच येते, असे मीमांसक म्हणतात. ते बाहेरून ठरावे लागते, असे नैयायिक म्हणतात. या वादाची परिभाषा पाहायची तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश हाताशी लागतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९२८ मध्ये काढली.

न्यायदर्शनातले अनुमानाचे ठरीव उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे आणि पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात ते फारसे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीच्या डोंगरउतारावरून धुके वर चढते, ते दुरून हुबेहूब धुरासारखे दिसते. त्याला धूर समजून अग्नीचे अनुमान केले, तर हेतूच, म्हणजे अनुमानाची खूणच, असिद्ध ठरतो. खरा धूर असेल, तर अग्नी नक्की असतो. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे उलटे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याला धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले लागते आणि ही आडून आलेली अट म्हणजे ‘उपाधी’.

आउटपुटवर डीसी आला, तर धडधाकट मंडलात रिले लागत नाही. ‘रिले लागला नाही, म्हणून डीसी आहे’ हे मात्र उलटे अनुमान. ते मंडल निर्दोष असेल तरच टिकते. तीच येथली उपाधी. स्पीकरच्या वायरचे दोन तंतू मागे एकमेकांना चिकटले, रिलेची कॉइल तुटली, चाळीस वर्षांचा कंडेन्सर लीक झाला किंवा व्होल्टेज फार खाली गेले, तरीही रिले गप्प राहू शकतो.

सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांची भूमिका येथे कामाची आहे. आलेले ज्ञान तूर्त खरे धरावे. ते खोटे ठरते ते दोनच वाटांनी : त्याच्या विरुद्ध जाणारे बाधक ज्ञान झाले, किंवा ते ज्या साधनातून आले त्यातला दोष सापडला. त्यामुळे वायरचा तुकडा लावून रिलेचे कॉन्टॅक्ट जोडायचे आणि ‘काय होते ते पाहू’ म्हणायचे, ही घाई अडाणीपणाची आहे. इशारा खोटा ठरवणारे काहीही हाती नसताना तो खोटा धरला जातो आणि त्याची किंमत स्पीकर मोजतो.

दुरुस्तीचा क्रम या दोन वाटांवरूनच जातो. आधी स्पीकर सोडवायचे. एवढ्यानेच रिले लागला, तर दोष वायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये. नाही लागला, तर पुरवठ्यात सिरीजमध्ये दिवा जोडून सेट चालू करायचा आणि मल्टिमीटरची काळी पिन चॅसिसला आणि लाल पिन रिलेच्या अलीकडे प्रत्येक चॅनेलच्या आउटपुटला टेकवायची. एका बाजूला ३५-४० व्होल्ट दिसले, तर इशारा खरा. पुढचे काम आउटपुट ट्रान्झिस्टर आणि त्यांना चालवणाऱ्या भागात. दोन्हीकडे २०-३० मिलिव्होल्टच असतील, तर ते बाधक ज्ञान. तेवढ्याने डीसीची शंका फिटते. साधनातला दोष अजून शोधायचाच असतो.

संरक्षक मंडलात एनईसीची यूपीसी १२३७ ही आयसी असेल, तर तो शोध सोपा होतो. दुसऱ्या पायावर डीसीची खबर येते, सहावा पाय रिले ओढतो, सातव्या पायावरचा कंडेन्सर भरेपर्यंत आवाज रोखून धरला जातो आणि आठव्यावर पुरवठा असतो. सातव्या पायाचे व्होल्टेज चढतच नसेल, तर बहुधा तो कंडेन्सर लीक झालेला असतो. सुट्या ट्रान्झिस्टरांच्या मंडलात हेच काम जास्त वेळ खाते.

नैयायिक येथे विचारतील : मीटर बरोबर आहे हे कशावरून? तो दुसऱ्या मीटरने तपासला, तर त्या दुसऱ्याचे काय? ही अनवस्था. कुमारिलांच्या मते तीन-चार ज्ञानांपलीकडे जावे लागत नाही. न्यायाचे उत्तर कृतीकडे वळते : ज्ञानाप्रमाणे वागल्यावर फळ मिळाले, तर ते ज्ञान खरे. दुरुस्तीच्या बाकाजवळ न्यायाची बाजू अधिक पटते, कारण मंडल माणसाने बनवलेले आहे. वेदाला कर्ताच नाही, म्हणून त्यात कर्त्याचा दोष येणार नाही, असे मीमांसक सांगत. नैयायिक वेदाचे प्रामाण्य ईश्वर या विश्वासार्ह कर्त्यावर टेकवत. कारखान्यातून आलेल्या मंडलाला यांपैकी कोणताच आधार लागू होत नाही.

आणि ‘टिक्’ झाले म्हणजे सगळे ठीक, हेही अनुमान कच्चेच. मोठा डीसी तोडताना ठिणगी पडून रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून बसू शकतात. अशा सेटमध्ये पहारा संपलेला असतो आणि गाणी मात्र सुरळीत वाजतात. म्हणून दुरुस्तीनंतर स्पीकर न जोडता पहाऱ्याचीच परीक्षा घेतात : रिले लागल्यावर डीसी ओळखणाऱ्या बिंदूवर ९ व्होल्टच्या सेलमधून १० किलोओहमच्या रोधातून थोडा डीसी सोडायचा, आधी सुलट, मग उलट. दोन्ही वेळा रिले सुटला पाहिजे आणि आउटपुटची जोडणी खरोखर तुटली, हे मीटरने पाहिले पाहिजे. एकाच दिशेला सुटला, तर धन आणि ऋण डीसी ओळखणाऱ्या भागांपैकी एक निकामी आहे. सुटल्याचा आवाज येऊनही जोडणी कायम राहिली, तर रिलेच बदलायचा.