दिव्यातला स्टोव्ह

पंपाच्या पितळी स्टोव्हचे मी टेबलावरचे दिवे करतो. माल पुण्याच्या जुन्या बाजारातला, बुधवार-रविवारचा. बर्नर उतरवला की टाकीच्या मधोमध भोक मोकळं होतं. तिथे नळी आणि होल्डर बसतो. रॉकेल ओतायच्या तोंडातून वायर आत जाते. अंग धातूचं, म्हणून अर्थिंगची तार टाकीला जोडून थ्री-पिन लावायचीच. पंपाचं आता काही काम नसतं, तरी तो मी जागच्या जागी ठेवतो.

एका बाईंना असा दिवा देवघरात हवा होता. उलटापालटा करून बघत त्या म्हणाल्या, "अहो, पण यावर कुणी बोंबील तळले असतील तर?"

प्रश्न सोवळ्याचा वाटतो, पण आहे तो दर्शनांतला जुना वाद. कार्य कारणात आधीपासून असतं का? सांख्य म्हणतात, असतं; तेल तिळातूनच निघतं, वाळूतून नाही. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत यासाठी पाच हेतू दिले आहेत. न्याय-वैशेषिकांच्या मते कार्य नव्यानेच जन्मतं. कापडाचे चार धागे काढले तरी जुनं कापड संपलं, उरलं ते दुसरं. त्या हिशेबाने बर्नर उतरला तेव्हाच स्टोव्ह संपला आणि बोंबलांचाही प्रश्न मिटला. सांख्यांच्या हिशेबाने मात्र दिवा म्हणजे रूप पालटलेला स्टोव्हच.

माझं नाक सांख्यांच्या बाजूचं आहे. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने टाकी कितीही खळबळून काढा, उन्हात वाळवा. वर साठ वॅटचा जुना बल्ब लावून पितळ तापलं की रॉकेलचा वास येतोच. म्हणून मी एलईडीच लावतो. हात मात्र नैयायिकांकडे झुकतात. भोकं, नळी, वायर एकत्र आणल्याशिवाय तिथे दिवा कुठे होता?

बाईंच्या शंकेत गृहीत असं की नव्या वस्तूला मागचं काही नसतं. पितळेच्या ओतकामात मोड सर्रास वितळवतात: जुने नळ, तपेली, कड्या. दुकानातल्या झळझळीत समईत कुणाकुणाच्या स्वयंपाकघरातलं पितळ आहे, हे कुणी विचारत नाही, कारण भट्टीने ते खातं पुसलेलं असतं. शास्त्र याबाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे. मनुस्मृतीत तांबं-पितळ क्षार, आंबट आणि पाणी यांनी शुद्ध होतं. म्हणजे शास्त्राला भांड्याचा इतिहास खुपत नाही, घासायचा आळस खुपतो. आपल्याला मात्र न दिसणारा भूतकाळ चालतो, दिसणारा नको असतो.

बाईंना म्हटलं, "तळले असणारच. कुणाची तरी पोटं भरल्याशिवाय स्टोव्ह इतका झिजत नाही. देवापुढे ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पंप तेवढा काढून मागू नका. तसा दिवा मी देत नाही."