अपडेट आले तर ‘लेटर’ दाबावे

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या संगणकाच्या मॉनिटरवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. पाठकोऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी, वरून सेलोटेप, सेलोटेप पिवळी पडून तिच्या कडांना धूळ धरलेली. साहेबांचं ठसठशीत अक्षर: ‘अपडेट आले तर लेटर दाबावे. विचारल्याशिवाय यस करू नये.’

साहेब करसल्लागार. मी त्यांच्याकडे हिशेबनीस म्हणून लागलो, आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता काढता येतो एवढ्या भांडवलावर ऑफिसातल्या संगणकांचा वैद्यही झालो. रोज डोंबिवलीहून ठाण्याला. चिठ्ठी लागली तो दिवस मला पक्का आठवतो, कारण ती माझ्यामुळे लागली.

२०१४ सालच्या सुरुवातीची गोष्ट. कल्याणचे एक ठेकेदार काका आमच्याकडून ऑनलाइन निविदा भरून घ्यायचे. दुपारी तीनची मुदत होती. सकाळी मी पोचलो तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जावाच्या नव्या आवृत्तीचं आमंत्रण आलेलं. आपण शहाणे, सुरक्षिततेच्या बातम्या वाचणारे, दाबलं. साडेबाराला काकांच्या डिजिटल सहीचं डोंगल लावलं, कागद चढवले, सहीचं बटण दाबलं. जिथे एरवी सहीची चौकट उघडायची तिथे करडा, रिकामा चौकोन आला. सुरक्षेच्या कारणास्तव हा प्रोग्राम रोखला आहे, असा निरोप. पोर्टलच्या मदतकेंद्राला फोन लावला. पोर्टल कुठलं ते जाऊ दे. पलीकडच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, अपडेट केलंत का? का केलंत?”

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. नवी आवृत्ती काढून टाकली. जुनी हवी होती, ती कुठून आणायची? कुठल्याशा परदेशी साइटवर गेलो, जिचं नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हिरव्या रंगाची चार खोटी ‘डाउनलोड’ बटणं चुकवून पाचवं खरं शोधलं. दुरुस्त केलेला प्रोग्राम उखडून त्या जागी भोकं असलेला, तोही अनोळखी दारातून आणून बसवला, तेव्हा कुठे सरकारी काम झालं. तीनला दहा मिनिटं होती. काकांनी घाम पुसला आणि सगळ्यांना वडापाव मागवले. साहेबांनी कात्री मागितली आणि पट्टी कापली.

त्या करड्या चौकोनामागे काय शिजत होतं ते मी नंतर वाचून काढलं. ब्राउझर मुळात मजकूर आणि चित्रं दाखवण्यापुरता. हलणारी चित्रं, व्हिडिओ, डिजिटल सही असली कामं त्याला येत नसत, म्हणून १९९५च्या सुमारास नेटस्केपनं बाहेरच्या प्रोग्रामना आत जागा देण्याची सोय केली. हेच प्लग-इन. जुन्या ठाण्यातल्या पागडीच्या घरांत पोटभाडेकरू असायचा तसं हे नातं. भाडेपावती एकाच्या नावावर, किल्ली दुसऱ्याकडेही, आणि तो रात्री कुणाला आत घेतो हे घरमालकाला शेवटी कळणार. ब्राउझरच्या कंपनीनं आपली दारं कितीही घट्ट केली तरी फ्लॅश किंवा जावासारख्या प्लग-इनचं दार उघडं राहिलं की घर उघडंच.

जावाचं म्हणणं असं की आमचे छोटे प्रोग्राम, म्हणजे ॲपलेट, आखून दिलेल्या अंगणातच खेळतील, घरात शिरणार नाहीत. जानेवारी २०१३मध्ये त्या कुंपणाला भगदाड सापडलं. नुसतं एखादं पान उघडलं तरी पुरे. काही दाबायची, काही उतरवून घ्यायची गरज नाही, परका प्रोग्राम अंगणातून थेट माजघरात. तोवर चोरांनी त्याचा वापर सुरूही केला होता. जावाची मालक असलेल्या ओरॅकलनं काही दिवसांतच दुरुस्ती दिली, तरी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याचा सल्ला कायम राहिला: अगदी गरज नसेल तर ब्राउझरमधलं जावा बंदच ठेवा. वर्षभरानं, जानेवारी २०१४मध्ये, जावा ७च्या ५१व्या अपडेटनं नियम आणखी आवळला. अधिकृत प्रमाणपत्राची सही नसलेले ॲपलेट आता चालणार नाहीत. नियम योग्यच होता. पण ज्यांची पोर्टलं जुन्या पद्धतीवर बांधलेली, त्यांनी आपला ॲपलेट नीट करण्याऐवजी मार्गदर्शक पुस्तिकेत एक पान वाढवलं: कंट्रोल पॅनेल उघडा, सुरक्षेची पातळी खाली आणा, आमचा पत्ता अपवादांच्या यादीत टाका. इमारतीच्या वॉचमननंच दारावर ‘कडी लावू नये’ अशी पाटी लावावी तशातला प्रकार.

म्हणून ‘लोक अपडेट करत नाहीत, लोक निष्काळजी’ असं कुणी व्यासपीठावरून म्हणालं की मला ती चिठ्ठी आठवते. इथली माणसं संगणकाला बिचकणारी नव्हेत. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधा केंद्र आणि संगणकावरचा कारभार उभा केला. पुढे राज्यातल्या इतर पालिकांनी तोच नमुना घेतला. कंपनी खात्याचे अर्ज २००६पासून डिजिटल सहीनं जाऊ लागले, तेव्हा साठीचे करसल्लागार मुकाट्यानं डोंगल वापरायला शिकले. ही मंडळी नवं शिकतात. न शिकलेली एकच गोष्ट, अपडेटला हो म्हणणं; आणि तीही त्यांना शिकवूनच घालवली.

कशी घालवली ते पाहण्यासारखं आहे. जावाचं अपडेट चढताना पडद्यावर झळकायचं की तीन अब्ज उपकरणांवर जावा चालतं. बरं. मग मधल्याच एका पायरीवर एक चौकट, आधीच बरोबरची खूण केलेली: आस्क टूलबारही बसवू का? ज्यानं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत नेलं त्याच्या ब्राउझरच्या डोक्यावर दुसऱ्या दिवशी नवा पट्टा आणि शोधायचं पान बदललेलं. भोक बुजवायला आलेल्या गवंड्यानं जाताना दिवाणखान्यात स्वतःच्या मेहुण्याच्या दुकानाची जाहिरात रंगवून जावी, असं वर्षानुवर्षं चाललं. फ्लॅशच्या अपडेटचा तर चोरांनी मुखवटाच करून टाकला. ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ असं म्हणत येणारी चौकट खरी की खोटी हे ओळखणं भल्याभल्यांना जमायचं नाही. अशा वेळी ‘लेटर’ दाबणारा माणूस मला तरी अडाणी वाटत नाही.

मराठी वाचकाला तर काहीतरी बसवून घ्यायचं हे प्रकरण इंटरनेटच्या दारातच भेटलं होतं. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. आधी तो उतरवा, मग बातमी वाचा. नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ. वाचण्यासाठी काहीतरी बसवून घ्यावं लागतं आणि ते का, हे विचारायचं नसतं, हा धडा आम्ही तिथेच गिरवला.

दुरुस्तीचं आम्हाला वावडं असतं तर ठाणे-कल्याण पट्ट्यात राहणं अशक्य झालं असतं. आमचा रविवार रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल थांबवणाऱ्या मेगाब्लॉकचा. शनिवारी पेपरात पहिल्यांदा काय बघतात? अप की डाउन, धिमा की जलद, किती ते किती, मुलुंडपासून की ठाण्यापासून. शिव्या घालतात, पण लग्नाला जायचं असेल तर तासभर आधी निघतात. ठाणे-दिव्याच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी फेब्रुवारी २०२२मध्ये ७२ तासांचा ब्लॉक घेतला. २०२४च्या मे अखेरीस ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला ६३ तास. लोकांनी सुट्ट्या टाकल्या, ऑफिसांनी घरून काम दिलं. कल्याणचा पत्रीपूल धोकादायक ठरून नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला, नवा २५ जानेवारी २०२१ला खुला झाला. त्या दोन वर्षांत कल्याणकरांनी त्या कोंडीत जे भोगलं त्यावर वेगळा लेख होईल. पण पूल का पाडला हे रिक्षावाल्यालाही सांगता येत होतं.

आता अपडेटची सूचना वाचा: ‘सुरक्षाविषयक सुधारणा आणि कार्यक्षमतेत वाढ.’ कुठलं भोक? किती वेळ लागेल? सकाळी उठल्यावर सहीचं बटण जागेवर असेल का? मेगाब्लॉकच्या जाहिरातीत ज्या तीन ओळी असतात त्या इथे कधीच नसतात. त्यात दुरुस्ती, सजावट आणि विक्री एकाच पुडीत बांधलेली. गळका नळ बदलून द्या म्हटलं तर प्लंबर म्हणणार, नळ मिळेल, पण मोरीची फरशी आणि दाराचा रंगही बदलावा लागेल, आणि हो, कडी उजवीकडून डावीकडे नेली आहे. फक्त नळ मागायची सोय ज्या दिवशी काढून घेतली, त्या दिवशी माणसं गळका नळ चालवून घ्यायला लागली. माझी तक्रार एवढीच आहे.

ऑफिसात आम्ही यावर आमचा तोडगा काढला. क्रोमनं २०१५मध्ये जुन्या पद्धतीची प्लग-इन्स बंद केली, तेव्हा क्रोम बँकेला, इंटरनेट एक्स्प्लोरर एका पोर्टलला, आणि मार्च २०१७नंतर फायरफॉक्सची जावा चालणारी जुनी आवृत्ती तिसऱ्याला. तीन ब्राउझर, तिघांच्या नावापुढे ग्राहकाचं नाही तर खात्याचं नाव. आणि टेबलाच्या दुसऱ्या खणात श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. त्यात पस्तीसएक डोंगल, प्रत्येकाला रबरबँड, रबरबँडखाली नावाची चिठ्ठी, काही चिठ्ठ्यांवर पासवर्डसुद्धा. प्लग-इनच्या भोकांवर जगभर खल चाललेला असताना कल्याण-ठाण्यातल्या पस्तीस प्रतिष्ठित माणसांच्या कायदेशीर सह्या त्या डब्यात सुखानं नांदत होत्या. हे लिहिताना लाज वाटते. पण ज्या ऑफिसांत असा डबा नव्हता अशी मी फार पाहिली नाहीत.

प्लग-इन्स गेली. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२०ला संपलं आणि १२ जानेवारी २०२१पासून त्यात काही चालेनासं झालं. पत्रीपूल खुला झाला तोच महिना. जावाचं प्लग-इन २०१८च्या आवृत्तीतून काढून टाकलं. इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२मध्ये निवृत्त. आता क्रोम रात्रीतून स्वतःच स्वतःला बदलून घेतो, विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांसाठी तेच बरं झालं. २०१७च्या मेमध्ये वॉनाक्राय या घातक प्रोग्रामनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या भोकावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती. दोन महिने ‘लेटर’ दाबणाऱ्यांनी किंमत मोजली.

एवढं कबूल करूनही माझ्या मनातला साहेब गप्प बसत नाही. वॉनाक्रायनंतर दीड महिन्यानं, जून २०१७मध्ये, तसलाच नोटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला. तिथे ज्यांनी शहाण्यासारखं ‘यस’ केलं तेच आधी बुडाले. त्यात मेर्स्क ही जहाजकंपनी आडवी झाली आणि इथे उरणजवळ, न्हावाशेव्याच्या बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प होऊन कंटेनरची रांग लागली. युक्रेनच्या करसल्लागारांनी अपडेट केलं आणि आमच्याकडचे ट्रक अडले.

प्लग-इनच्या जागी आता एक्स्टेन्शन आली आहेत, आणि तीही न विचारता बदलतात. द ग्रेट सस्पेंडर नावाचं वीस लाखांवर लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन मूळ लेखकानं २०२०मध्ये दुसऱ्याला विकलं. नव्या मालकानं काय घातलं ते कळेपर्यंत फेब्रुवारी २०२१ उजाडला आणि गूगलला ते काढून टाकावं लागलं. २०२४च्या नाताळात सायबरहेवन या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला खोटा मेल पाठवून तिच्या एक्स्टेन्शनची किल्ली चोरांनी मिळवली आणि विषारी आवृत्ती लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप उतरू लागली. ते वापरणारे चारेक लाख. कंपनीचा धंदा कुठला? माहितीची सुरक्षा. पोटभाडेकरू पुन्हा आला, फक्त आता तो बदलला तरी नाव जुन्याचंच राहतं.

साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नवे संगणक आले तेव्हा ऑफिसातल्या ताईंनी जुन्या मॉनिटरवरची ती चिठ्ठी नखानं हळूहळू सोडवली. “साहेबांच्या हातची आहे, टाकवत नाही.” नव्या मॉनिटरला मात्र चिकटवायला कडच नाही, सगळा पडदाच. मग त्यांनी ती कालनिर्णयच्या बाजूला भिंतीवर लावली. तिथे आधीपासून एका टाचणीला रविवारच्या मेगाब्लॉकचं कात्रण अडकवलेलं असतं. ते ताई दर शनिवारी बदलतात.