दुसऱ्याचे वाक्य

कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथल्या एका संगणकात एक वाडा होता, निव्वळ अक्षरांनी बांधलेला. पावेल कर्टिस या संशोधकाने १९९० मध्ये तो सुरू केला, नाव ठेवले लॅम्डामू, आणि मधला भाग आपल्या स्वतःच्या घरावरून बेतला. दूरदूरचे लोक आपापल्या संगणकावरून आत शिरायचे, ते आधी कोट टांगायच्या कपाटात. कपाटाचे दार उघडले की दिवाणखाना. तिथे शेकोटी, एक काकाकुवा, आणि गप्पा मारत बसलेली माणसे. चित्र एकही नाही. पडद्यावर ओळी उमटत जायच्या आणि वाचणाऱ्यापुढे घर उभे राहायचे.

इथे प्रत्येकाने एक सोंग घेतलेले असे. सिॲटलची एक स्त्री इथे 'लेग्बा' होती. लेग्बा म्हणजे हैतीच्या लोकधर्मातली खोडकर देवता. सावळा वर्ण, मोतिया करड्या रंगाचा भारी सूट, उंच हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बाई की पुरुष ते कळू नये असे रूप. तिने आधी दोन टिंबे देऊन 'चष्मा पुसतं' एवढे टंकले, की दिवाणखान्यातल्या प्रत्येकाच्या पडद्यावर ओळ यायची, 'लेग्बा चष्मा पुसतं'. नाव यंत्र जोडायचे. कृती मात्र जिची तिनेच लिहायची.

मजकुरावर चालणाऱ्या अशा खेळांत भूमिका वठवणाऱ्यांचा हा जुना शिरस्ता आहे. मी तलवार उगारली, इथवर माझे वाक्य. ती तुला लागली की तू चुकवलीस, ते तू लिहायचेस. कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते, नट समोरासमोर उभे राहून जागच्या जागी संवाद रचतात; तिथे जसे कोणी दुसऱ्याच्या तोंडचे बोलून टाकत नाही, तसेच हे. समोरचा काय लिहील ते आपल्याला ठाऊक नसते, आणि सगळी गोडी त्यातच आहे.

वाड्याची देखभाल करणाऱ्यांना जादूगार म्हणत. यंत्राच्या किल्ल्या त्यांच्याच हाती. थोरला जादूगार अर्थात कर्टिस, वाड्यातले त्याचे नाव हाकॉन. वस्ती वाढली तशी भांडणे वाढली, आणि जो तो तक्रार घेऊन जादूगारांच्या दारी येऊ लागला. जादूगार कावले. डिसेंबर १९९२ मध्ये हाकॉनने जाहीर केले की यापुढे जादूगार फक्त यंत्र सांभाळतील. समाजाचे काय ते समाजाने पाहावे. ऐकायला हे फार उदार वाटते. आपण होऊन सत्ता सोडणारे जगात थोडेच. पण इथे जादूगारांनी निवाडा सोडला होता, किल्ल्या सोडल्या नव्हत्या. त्या सोडता येण्याजोग्याच नव्हत्या. आणि निवाडा आता कोणी करायचा, हेही कोणाला नेमून दिलेले नव्हते.

मार्च १९९३ मधल्या एका सोमवारी रात्री दिवाणखान्यात 'मिस्टर बंगल' आला. विदूषकाचे सोंग, गलिच्छ वेश. त्याच्यापाशी जादूटोण्याची एक बाहुली होती. खरे तर तो एक छोटा प्रोग्रॅम होता, आणि त्याचे काम एकच, दुसऱ्याच्या नावाने वाक्य उमटवायचे. ओळी येऊ लागल्या. 'लेग्बा' हे नाव, आणि त्यापुढे लेग्बाने कधीच न लिहिलेली कृती. स्वतःच्याच देहाची विटंबना, बंगलपुढे किळसवाणी लाचारी, आणि सगळे जणू आपखुशीने, भरल्या दिवाणखान्यात. मग आणखी एका स्त्रीपात्राचे नाव. लोकांनी त्याला दिवाणखान्यातून हाकलले, तर कुठल्याशा खोलीत दडून त्याने तेच चालू ठेवले. बाहुलीला अंतराची अडचण नव्हती. शेवटी झिप्पी नावाच्या जुन्या रहिवाशाला बोलावणे गेले. त्याच्याजवळ एक बंदूक होती. तिने कोणी मरत नसे, पण जिच्यावर ती रोखली त्या व्यक्तीभोवती असा पिंजरा पडे की बाहुलीचे कामही आतच अडून राहावे. तेव्हा कुठे ओळी थांबल्या.

सिॲटलच्या त्या स्त्रीचा देह सुखरूप होता, आणि हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने वाड्याच्या रहिवाशांपुढे निषेध लिहिला. लिहिताना आपल्या डोळ्यांना धार लागली होती, असे तिने पुढे ज्युलियन डिबेल या पत्रकाराला सांगितले. त्या आसवांना खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही असे मी मानतो. वाड्यात तिला हात नव्हते, चेहरा नव्हता, आवाज नव्हता. होते ते फक्त तिचे वाक्य, आणि बंगलने तेच हिसकावून घेतले होते.

बंगलला वाड्यातून कायमचा पुसून टाका, अशी तिची मागणी होती. बघता बघता पुष्कळ जण तिच्या बाजूने उभे राहिले. पण पुसण्याची ताकद जादूगारांची, आणि त्यांनी तर हात काढून घेतलेला. म्हणून सभा भरली. तीसेक पात्रे एका खोलीत जमली. कोणी म्हणाले आधी कायदा हवा, कोणी म्हणाले कायदाच नको, कोणाला मतदान हवे होते, कोणाला शिक्षा या कल्पनेवरच चर्चा करायची होती. चर्चा रंगात असताना बंगल स्वतः येऊन उभा राहिला. असे का केलेस, या प्रश्नाला त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की तो नुसता एक घटनाक्रम होता, खऱ्या आयुष्यावर त्याचा काही परिणाम नाही. सभा निर्णयाविना पांगली.

जोफीडबॅक नावाचा जादूगार त्या सभेला हजर होता. लोक गेल्यावर त्याने एकट्याने विचार केला आणि एक आज्ञा टंकली. बंगल नाहीसा झाला.

त्याचे हे करणे मला पटते, कारण पीडितेला आणखी किती दिवस चर्चा ऐकत बसवायचे? पण ते मनाला लागूनही राहते. तीस माणसांनी मिळून लिहायचे वाक्य त्याने त्यांच्या नावाने लिहून टाकले. दयाळू हाताने लिहिले, तरी ते त्यांचे नव्हते. बंगलचे तरी स्वतःचे वाक्य कुठे होते? न्यूयॉर्क विद्यापीठातली बरीच मुले मिळून ते एक खाते वापरत होती, हे नंतर उघड झाले. त्या रात्री एकाची बोटे कळफलकावर आणि बाकीचे पाठीमागे उभे राहून सुचवणारे. जे त्यांतल्या एकानेही स्वतःच्या नावाने कदाचित लिहिले नसते, ते सगळ्यांनी मिळून लिहिले, आणि कोणाच्याच नावाने नाही.

कामाच्या दौऱ्यावरून परतलेल्या हाकॉनने झाला प्रकार वाचून काढला. जोफीडबॅकचा निर्णय त्याने फिरवला नाही, पण तसे एकट्याने करण्याची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून नवी व्यवस्था बांधली. कोणीही अर्ज मांडावा, पुरेशा सह्या मिळाल्या की मतदान व्हावे, दोनास एक असे बहुमत पडले तर जादूगारांनी तो ठराव अमलात आणावा. थोड्याच दिवसांत 'डॉक्टर जेस्ट' नावाचे नवे पात्र वाड्यात वावरू लागले, आणि बंगल परत आला हे लोकांनी ओळखले. या वेळी मात्र काय करायचे ते ठरवण्याची वाट लोकांपाशी होती.

ती वाट सरळ नव्हती. अर्ज आणि मतदाने येत राहिली, वाद मिटेनात. कोणता अर्ज यंत्राला झेपेल आणि कोणता नाही, एवढे सांगायलाही जादूगारांनाच तोंड उघडावे लागे, आणि त्या एका उत्तराने कोणाचे तरी पारडे जड व्हायचेच. मे १९९६ मध्ये जादूगारांनी नवे निवेदन काढले. समाजाचे निर्णय आपण घेणार नाही असे सांगितल्यापासूनही काही निर्णय आपल्या हातून होतच आले, ते टळण्यासारखे नव्हते, हे त्यांनी त्यात कबूल केले, आणि यापुढे तसे निर्णय घ्यायला आपण मोकळे आहोत असे उघड सांगितले.